रिमोट कोणाच्या हाती?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, झरी जामणी तालुक्यात मुकुटबन नावाचे गाव आहे. माजरीहून वणीमार्गे आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण. कापसाची शेते, सागाची झाडे, बाजारात मराठीच्या जोडीने कानांवर पडणारी तेलुगू, अशी या परिसराची ओळख होती. आता तीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२२ साली येथे बिर्ला समूहातील कंपनीचा, वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. आधुनिक सिमेंट कारखान्यातील सर्वांत उंच वास्तू म्हणजे चुनखडीची भुकटी भट्टीत जाण्यापूर्वी तापवणारा मनोरा. अशा मनोऱ्यांची उंची सामान्यतः शंभर मीटरच्या आसपास असते. सपाट रानात असे काही उभे राहिले, की माणसाला आपल्या उंचीचा नव्याने हिशेब करावा लागतो.

हा हिशेब जपानी कथाकारांनी सत्तर वर्षांपूर्वीच मांडायला घेतला होता. तेथील चित्रकथांतून आणि सजीवचित्र-मालिकांतून अवतरलेले महाकाय यंत्रमानव जगभर पोहोचले. त्यांतील जुन्या, नामांकित मालिकांचे नव्याने चित्रपट होत असतात आणि प्रत्येक वेळी जुने चाहते विचारतात, 'याची गरज होती का?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अशा कथांच्या मुळाशी जावे लागते. आणि ते मूळ आपल्याला वाटते तितके परके नाही.

दूरदर्शनवरचा पाहुणा

१९८०च्या दशकाच्या मध्यास ज्यांचे बालपण दूरदर्शनसमोर गेले, त्यांना 'जायंट रोबो' आठवत असेल. घरात एकच वाहिनी, पुष्कळदा कृष्णधवल संच, आणि पडद्यावर प्राचीन इजिप्तमधील राजाच्या मुखवट्यासारखा चेहरा असलेला एक अजस्र पोलादी पुतळा. मनगटावरच्या घड्याळात तोंड घालून एक शाळकरी मुलगा त्याला आज्ञा देई आणि तो पुतळा आकाशात झेप घेई. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर प्रत्येक मुलगा आपल्या रिकाम्या मनगटाशी बोलत असे.

ही मालिका जपानमध्ये ऑक्टोबर १९६७ ते एप्रिल १९६८ या काळात दाखवली गेली. तोएई या संस्थेने तयार केलेले तिचे भाग २६ होते. ती सजीवचित्रांची नव्हती. माणसांनी रबरी पोशाख चढवून आणि शहरांच्या छोट्या प्रतिकृती तुडवून ती साकारली होती. तिचा अमेरिकी इंग्रजी अवतार आपल्याकडे आला, म्हणून मूळच्या दाइसाकू कुसामा या मुलाला आपण जॉनी सोको म्हणून ओळखले. कथा मात्र एकाच माणसाच्या कल्पनेतून उतरली होती. त्याचे नाव मित्सुतेरू योकोयामा. महाकाय यंत्रमानवाच्या साऱ्या परंपरेचा उगम शोधत गेलो, की याच नावापाशी थांबावे लागते.

क्रमांक अठ्ठाविसावा

योकोयामा यांचा जन्म १९३४चा, कोबे शहरातला. १९४५ साली अमेरिकी बी-२९ विमानांनी कोबे जाळून टाकले, तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. ती विमाने, जर्मनीच्या प्रक्षेपणास्त्रांच्या कथा आणि पुढे पाहिलेला 'फ्रँकेनस्टाइन' हा चित्रपट या तीन गोष्टी त्यांच्या मनात एकत्र आल्या. १९५६ साली त्यांनी 'तेत्सुजिन २८-गो' ही चित्रकथा सुरू केली. तेत्सुजिन म्हणजे लोहपुरुष, आणि हा अठ्ठाविसावा. आधीचे सत्तावीस प्रयत्न फसलेले. ऑक्टोबर १९६३मध्ये तिच्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिका आली. महाकाय यंत्रमानवाची ती पहिली सजीवचित्र-मालिका मानली जाते. अमेरिकेत ती 'जायगँटॉर' या नावाने गेली.

कथेचे बीज साधे आहे. महायुद्धाच्या अखेरच्या काळात जपानी लष्करासाठी एक गुप्त अस्त्र तयार होत असते. ते पूर्ण होण्यापूर्वीच युद्ध संपते. अस्त्र उरते. ते घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचा मुलगा, शोतारो कानेदा, त्याचा धनी होतो. तेत्सुजिनला स्वतःची बुद्धी नाही, इच्छा नाही, वाचाही नाही. त्याला चालवते ती शोतारोच्या हातातील नियंत्रण-पेटी. ती चोराच्या हाती पडली, की तोच लोहपुरुष चोराचा होतो. काल ज्याने शहर वाचवले तो आज ते पाडू शकतो, आणि दोन्ही वेळी त्याचा चेहरा सारखाच असतो.

आपल्या परंपरेत याच्या जवळची कथा भस्मासुराची आहे. वर देणाऱ्याच्याच मस्तकावर हात ठेवायला निघालेली शक्ती आपण लहानपणापासून ऐकली आहे. पण भस्मासुर स्वतः दुष्ट होता. योकोयामांचा लोहपुरुष दुष्टही नाही आणि सज्जनही नाही, आणि त्यातच त्याचे आधुनिकपण आहे. यंत्राच्या अंगी गुणदोष नसतात, ते रिमोट धरणाऱ्या हातात असतात, एवढी अवघड गोष्ट त्यांनी दहा वर्षांच्या वाचकाला सहज समजावली. ज्या मुलाच्या डोक्यावरून बॉम्बफेकी विमाने गेली होती, त्याला ती कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाहेरून आत

पुढच्या पिढीने हे नियंत्रण निराळ्या ठिकाणी नेले. गो नागाई यांनी सांगितले आहे, की वाहतुकीच्या कोंडीत अडकले असताना, आपल्या गाडीला पाय फुटून ती पुढच्या गाड्यांवरून चालत गेली तर, असा विचार त्यांच्या मनात आला. डिसेंबर १९७२मध्ये त्यांची 'माझिंगर झेड' मालिका सुरू झाली आणि नायक यंत्राच्या डोक्यात बसून ते चालवू लागला. रिमोटची चोरी संपली. आता माणूसच यंत्राचा मेंदू झाला. एप्रिल १९७९मध्ये योशियुकी तोमिनो यांची 'गुंडम' आली. तिच्यात यंत्र म्हणजे चमत्कार राहिला नाही. रणगाड्यासारखे ते कारखान्यात बनते, बिघडते, त्याला इंधन लागते आणि ते चालवणारी मुले युद्धाने खचतात. या मालिकेला सुरुवातीला प्रेक्षक लाभले नाहीत आणि ती नियोजित भागांपूर्वीच, ४३व्या भागात आटोपती घ्यावी लागली. नंतर १९८१ व १९८२ या वर्षांत तिच्याच भागांची नव्याने बांधणी करून तीन चित्रपट काढले गेले आणि त्यांनी तिचे नशीब पालटले.

यावरून पुनर्निर्मितीचे पहिले कारण लक्षात येते. मालिका आठवड्याला अर्ध्या तासाच्या मापाने, घाईत आणि तुटपुंज्या पैशांत होते. चित्रपट तीच कथा एका बैठकीत, अधिक निगुतीने सांगू शकतो. दुसरे कारण उघडच व्यापारी असते. जुने नाव प्रेक्षकांच्या ओळखीचे असते, खेळणी पुन्हा विकली जातात, वडील आपल्या मुलाला घेऊन चित्रगृहात येतात. तिसरे कारण मात्र कलेचे आहे. बदललेल्या काळात जुन्या प्रश्नाचे जुने उत्तर पुरत नाही, तेव्हा तो प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

एकाच लोहपुरुषाचे तीन अवतार

तेत्सुजिनच्या बाबतीत ही कारणे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात, कारण अवघ्या तीन वर्षांत त्याचे तीन नवे अवतार झाले. एप्रिल २००४मध्ये दिग्दर्शक यासुहिरो इमागावा यांची नवी मालिका सुरू झाली. त्याच महिन्याच्या १५ तारखेला, घराला लागलेल्या आगीत भाजल्यामुळे योकोयामा यांचे निधन झाले. शहर जळताना पाहिलेल्या माणसाचा हा शेवट वाचताना मन अस्वस्थ होते. इमागावांनी कथा युद्धानंतर दहा वर्षांच्या जपानमध्ये नेऊन ठेवली. शहर पुन्हा उभे राहते आहे, लोकांना युद्ध विसरायचे आहे, आणि नेमका तेव्हाच युद्धासाठी घडवलेला पुतळा जमिनीतून वर येतो. लोक त्याच्याकडे पाहून टाळ्या वाजवत नाहीत, त्यांना धडकी भरते.

मार्च २००५मध्ये शिन तोगाशी यांचा चित्रपट आला. यात खरी माणसे होती आणि लोहपुरुष संगणकावर रेखाटलेला होता. सोसुके इकेमात्सु हा बालकलाकार शोतारो झाला, यू आओई हिने त्याला मदत करणाऱ्या तरुण संशोधिकेची भूमिका केली. कथा आजच्या टोकियोत घडते. वडिलांविना, आईजवळ वाढलेल्या एका सामान्य मुलाकडे हे प्रचंड उत्तरदायित्व येते आणि पहिल्याच झुंजीत ते त्याला पेलत नाही. समोर 'ब्लॅक ऑक्स' हा काळा यंत्रमानव आहे. चित्रपटाचा भर मुलाच्या धैर्यावर आहे. वडिलांनी मागे ठेवलेली वस्तू वापरायला शिकणे म्हणजे मोठे होणे, असा त्याचा अर्थ. पण काळ बदलला, तसे महायुद्धाचे सावट मागे सरकले. मूळ कथेत जी जखम होती, ती येथे कौटुंबिक आठवण झाली. चित्रपट पाहताना पोलादाचे वजन जाणवते. इतिहासाचे तेवढे जाणवत नाही.

तिसरा अवतार मार्च २००७मधील. इमागावांनीच केलेल्या या सजीवचित्रपटात शोतारोचा थोरला भाऊ युद्धातून फार उशिरा परत येतो, आणि टोकियोच्या पोटात दडलेले युद्धकाळातील बॉम्ब एकामागून एक सापडू लागतात. हे कथानक कल्पित असले, तरी त्यामागचे वास्तव जपानी माणसाच्या परिचयाचे आहे. तेथे बांधकामासाठी खोदताना आजही जुने बॉम्ब निघतात आणि परिसर रिकामा करून ते निकामी करावे लागतात. युद्ध संपले, पण ते जमिनीतून गेले नाही, हे सांगायला याहून चांगली प्रतिमा क्वचितच सापडेल.

या तिघांत सर्वांत देखणा कोणता, यावर वाद होऊ शकेल. पण मूळ कथेशी इमान कोणी राखले, हे सांगणे कठीण नाही. तपशील बदलूनही ज्यांनी रिमोटचा प्रश्न जिवंत ठेवला, त्यांनी ते राखले.

ऊर्जेची किंमत

आपल्या ओळखीच्या जायंट रोबोचीही अशीच पुनर्निर्मिती झाली. १९९२ ते १९९८ या काळात इमागावांनीच सात भागांची चित्रफीत-मालिका केली. तिच्यातील जग एका नव्या, निर्मळ, पुनःपुन्हा वापरता येणाऱ्या ऊर्जास्रोतावर चालते. तेल गेले, अणुशक्ती गेली, आकाश स्वच्छ झाले. या जगात अणुशक्तीवर चालणारा एकटा जायंट रोबो उरला आहे आणि तोच जुन्या पापाची खूण म्हणून संशयाने पाहिला जातो. कथा पुढे सरकते तसे कळते, की या निर्मळ ऊर्जेच्या जन्मवेळी भीषण दुर्घटना घडली होती, आणि जो शास्त्रज्ञ 'थांबा' म्हणत होता, त्याच्याच माथी तिचे खापर फोडले गेले. सर्वांच्या सुखासाठी कोणाचा तरी बळी गेलाच पाहिजे का, हा प्रश्न सातही भागांत पुन्हा पुन्हा वर येतो.

येथे मुकुटबनची आठवण होणे अपरिहार्य आहे. वणीच्या परिसरात कोळसा आहे, आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या पट्ट्यात चुनखडी आहे. आवारपूर, गडचांदूर, घुग्घुस ही नावे सिमेंटमुळेच राज्याला माहीत झाली. सिमेंट बनते ते चुनखडी साधारण १४५० अंश सेल्सियसपर्यंत भाजून. या भाजण्यात दुहेरी धूर निघतो. एक इंधनाचा, आणि दुसरा खुद्द दगडातून सुटणारा कार्बन वायूचा. दुसरा धूर इंधन बदलूनही थांबत नाही, तो चुनखडीच्या स्वभावातच आहे. पुण्यात वा मुंबईत तिसाव्या मजल्यावर राहणाऱ्याच्या पायांखाली जी जमीन आहे, ती मुळात अशाच कुठल्या तरी रानातल्या दगडाची असते. कारखान्याने रोजगार येतो, रस्ता येतो, दुकाने येतात. जमीन जाते, डोंगर जातो. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि एक उच्चारून दुसरे झाकता येत नाही.

यंत्राला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही आणि यंत्राची आरती ओवाळूनही सुटत नाही. खाण किती खोल जावी, पाणी कोणाला आधी मिळावे, काम कोणाच्या मुलाला लागावे, हे ठरवणारी पेटी कोणाच्या हाती आहे, एवढेच विचारायचे असते. ग्रामसभेत उठून हे विचारणारा माणूस योकोयामांचे नाव ऐकून नसेल, पण तो त्यांचाच प्रश्न विचारत असतो.

मालिका, सरकार आणि प्रेक्षक

रिमोटचा हा प्रश्न एका देशात खरोखरच सत्तेपर्यंत पोहोचला. फिलिपिन्समध्ये १९७८पासून 'व्होल्टेस फाइव्ह' ही जपानी मालिका मुलांनी डोक्यावर घेतली होती. १९७९ साली, शेवटचे काही भाग बाकी असताना, मार्कोस राजवटीने ती बंद केली. अतिहिंसेचे कारण पुढे करण्यात आले. पण मालिकेच्या उत्तरार्धात जुलमी सम्राटाविरुद्ध प्रजा उठते, हे पुष्कळांच्या ध्यानात राहिले. एक पिढी शेवट न पाहताच मोठी झाली. १९८६ साली मार्कोस गेले आणि त्यानंतर ते उरलेले भाग दाखवले गेले. २०२३ साली फिलिपिन्समधील वाहिनीने स्वतःच्या कलावंतांना घेऊन या मालिकेची भव्य पुनर्निर्मिती केली, आणि प्रक्षेपणापूर्वी तिचे सुरुवातीचे भाग चित्रपटाच्या रूपात चित्रगृहांतही झळकवले. तेथील प्रेक्षकांच्या दृष्टीने ती परक्या कथेची नक्कल नव्हती. बालपणी हातातून हिसकावून घेतलेली वस्तू चाळिशी-पन्नाशीत परत मिळत होती.

कीर्तनकाराचा न्याय

मराठी रसिकाला पुनर्निर्मितीचे कोडे पडू नये, कारण ती आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व मांडले जाते आणि उत्तररंगात आख्यान लावले जाते. आख्यान सगळ्यांना पाठ असते. बुवा ते दरवेळी निराळे सांगतात, त्यात कालपरवाचे दाखले घालतात, श्रोत्यांना हसवतात. हे सारे चालते. पण पूर्वरंगातले तत्त्व उत्तररंगात हरवले, तर वयोवृद्ध श्रोता मान हलवतो आणि उठून जातो. चित्रपटाला हाच न्याय लावावा. पोलादाची चकाकी, पडणाऱ्या इमारती, कानठळ्या बसवणारा आवाज हा उत्तररंग झाला. पूर्वरंगात काय होते, हे दिग्दर्शकाला ठाऊक आहे का, ते पाहावे.

जायंट रोबोच्या मूळ मालिकेचा शेवट ज्यांनी पाहिला, त्यांना हे अधिक समजावण्याची आवश्यकता नाही. शत्रू सम्राटाच्या देहातच स्फोटाची शक्ती असते. त्याला पृथ्वीवर मारले तर पृथ्वीच संपेल. तेव्हा रोबो त्याला कवटाळून अवकाशात नेतो. मुलगा खालून घड्याळात ओरडत राहतो, परत ये. आयुष्यभर त्याच्या आवाजावर चालणारे ते यंत्र पहिल्यांदाच आज्ञा मोडते. महाभारतातला घटोत्कच आठवतो. कर्णाची अमोघ शक्ती अंगावर घेऊन कोसळतानाही त्याने आपला देह वाढवला आणि शत्रुसैन्यावर पडला. मोठ्या देहाला आपल्या कथांनी नेहमीच मोठा त्याग करायला लावला आहे. त्या त्यागाने वाचलेली माणसे पुढे कशी वागली, हे मात्र कथा आपल्यावर सोपवतात.

कोबे शहराच्या नागाता भागात, जेथे १७ जानेवारी १९९५च्या भूकंपानंतरच्या आगीत वस्त्याच्या वस्त्या जळाल्या, तेथे २००९ साली तेत्सुजिनचा खऱ्या आकाराचा पुतळा उभा राहिला. त्या भूकंपात ६,४०० हून अधिक माणसे गेली होती. पुतळ्यासाठी पुढाकार घेतला तो तेथल्या दुकानदारांनी. वजन सुमारे पन्नास टन, एक हात उंचावलेला. पोटात कोणतेही यंत्र नाही आणि त्याला चालवणारी पेटीही कोणाकडे नाही. योकोयामांच्या जन्मगावी त्यांचा लोहपुरुष आता कोणाचीच आज्ञा पाळत नाही, आणि म्हणूनच मुले त्याच्या पायांशी निर्धास्त खेळतात.

मुकुटबनच्या मनोऱ्याशेजारी तो उभा केला, तर पहिल्या काही मजल्यांपर्यंतच पोहोचेल. तेवढ्या उंचीवरून पैनगंगेकडची शेते दिसू शकतील. पुढच्या वेळी अशा एखाद्या यंत्रमानवाचा नवा चित्रपट लागेल, तेव्हा मुलांना अवश्य न्यावे. आणि परतताना, कोण जिंकले हे विचारण्याऐवजी, पेटी शेवटी कोणाच्या हातात राहिली, एवढे त्यांना विचारून पाहावे.